पाव गोळी, चार किलोचा बोका

रविवारी सकाळी कळव्याला आत्याकडे गेले, तर ती ओट्याशी उभी राहून चमच्याच्या पाठीने पॅरासिटामॉलची पाव गोळी चुरत होती. गुंड्यासाठी. तिचा बोका रात्रीपासून चारदा ओकला होता आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज तिने चष्मा लावून वाचला होता: ‘मांजराला उलटी? डॉक्टरकडे पळू नका. केसांचा गोळा असतो. दोन दिवस उपाशी ठेवा, हळद-दूध पाजा, अंग गरम लागलं तर पाव गोळी द्या.’ खाली जोडलेले हात. तोवर मलाही तो तीन ठिकाणांहून आला होता.

आधी गोळीचंच बोलते. अंग गरम लागलं तर म्हणे! मांजराचं अंग आपल्या हाताला गरमच लागतं, 101-102 फॅरनहाइट हे त्याचं रोजचं तापमान. म्हणजे या हिशोबाने ठाण्यातलं प्रत्येक मांजर गोळीला पात्र. आणि हे औषध पचवून बाहेर टाकायला लागणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात फारच कमी असतं. जनावरांचे डॉक्टर ज्याचा आधार घेतात त्या मर्क व्हेटर्नरी मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. किलोमागे 10 मिलिग्रॅमनेही विषबाधा होऊ शकते. 500 ची पाव गोळी म्हणजे 125. चार किलोच्या बोक्याला किलोमागे 31. करा हिशोब. कुणी दिलीच असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. गोळीचं पाकीट घ्या आणि निघा. उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा.

दोन दिवस उपास? लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून ते त्यानेच दगावू शकतं. हळद-दुधाबद्दल काय बोलायचं! मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही. उलटीच्या जोडीला जुलाब.

केसांच्या गोळ्याचं मात्र, नाइलाजाने, थोडं खरं आहे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा केसांची वळकटी ओकली आणि लगेच वाटीशी येऊन ओरडायला लागलं, तर धावाधाव नको. पण दिवसात तीन-चारदा ओकलं, रक्त दिसलं, खाणं सोडून कोपऱ्यात बसलं, किंवा लस न झालेलं पिल्लू असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. तोंडातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

आत्याला विचारलं, “बाकी काही वेगळं?” म्हणाली, “अगं, सकाळपासून पाचदा मातीच्या डब्यात जाऊन बसलाय. बद्धकोष्ठ असेल.” डब्यातली माती कोरडी होती. बोक्याची लघवी तुंबली की ते विष रक्तात चढतं, म्हणून तो ओकतो. दिवस-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

रविवारी उघडा दवाखाना सापडेपर्यंत चार फोन झाले. नळी घालून लघवी काढली, तीन दिवस सलाईन. आत्याने तो मेसेज पुढे दोघींना पाठवला होता. रिक्षातूनच त्यांना फोन लावायला लावले.