यशवंत घाडगे यांच्यासमोर शेकडो नव्हे, चौघे होते

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे यांच्याबद्दल एक मजकूर मोबाइलवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: इंग्रजांनी जबरदस्तीने नेलेल्या या जवानाने इटलीत मुसोलिनीचे शेकडो सैनिक संगिनीने कापले, त्याला परमवीर चक्र मिळालं आणि त्याची समाधी तिथेच आहे. पाठवणाऱ्यांचा भाव चांगलाच आहे. पण यात इटली सोडून फारसं काही खरं नाही.

आधी ‘शेकडो’ आणि ‘संगीन’. 10 जुलै 1944 रोजी, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतल्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे एका सेक्शनचे प्रमुख होते. सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. मागे कुणी उरलेलं नाही हे ठाऊक असूनही ते सरळ मशीनगनवर धावले. आधी हातबाँब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा निकामी झाले. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या स्वयंचलित बंदुकीने, एकाला टिपलं. उरले दोघे, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता.

हा ‘वेळ नव्हता’ नीट समजून घ्यायला हवा. टॉमीगनच्या मॅगझिनमध्ये 20 किंवा 30 गोळ्या. मिनिटाला सहा-सातशेच्या वेगाने त्या दोन-तीन सेकंदांत संपतात. मग खटका दाबून रिकामं मॅगझिन काढायचं, कमरेच्या पाऊचमधून भरलेलं ओढायचं, खाचेत बसवायचं. सराईत हातालाही यात काही सेकंद जातात आणि समोरचे दोघे हाताच्या अंतरावर होते. साध्या टॉमीगनला संगीन लावायची सोयही नसते. म्हणून त्यांनी साडेचार-पाच किलोची ती बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने दोघांना ठार केलं. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी हाताला भाजते. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय 22. चौघांचे शेकडो केले की तो धावण्याचा क्षणच हरवतो, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

परमवीर चक्र? ते सुरू झालं 26 जानेवारी 1950 रोजी, आणि लागू आहे 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांना. घाडगे यांना मरणोत्तर मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान.

‘मुसोलिनीचे सैनिक’ हा घोळ कुठून आला असावा हे सांगता येतं. हीच पलटण 1941 मध्ये पूर्व आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरनला इटालियन फौजेशी लढली होती. पण सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करली. जून 1944 मध्ये रोम पडल्यावर उत्तरेकडे माघार घेत डोंगराडोंगरांत अडवून धरत होते ते जर्मन.

जबरदस्तीचं म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात सक्तीची लष्करभरती नव्हती. सुमारे 25 लाख माणसं स्वेच्छेने भरती झाली. गरिबी, बांधलेला पगार, घराण्याची परंपरा, अशी कारणं त्यामागे असायची. कोकणातल्या खेड्यांतून मराठा पलटणीत जाणं तर जुनंच. सत्ता परकी होती म्हणून तरुणाने घेतलेला निर्णय त्याचा नव्हता असं होत नाही.

राहिली समाधी. त्यांची समाधी कुठेच नाही. ज्यांच्या कबरीचा किंवा अंत्यसंस्काराच्या जागेचा ठावठिकाणा लागला नाही, अशा 4,000 हून अधिक जवानांची नावं इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत घाडगे यांचं नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि ते जिथे पडले त्या परिसरात, उम्ब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावी, जुलै 2023 मध्ये त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारलं गेलं.