सांता अंकल

सिंगापूरला आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, ख्रिसमस पार्टीत सांताक्लॉज म्हणून माझी निवड एकमताने झाली. मतदान माझ्या पोटाकडे बघून झालं. बायकोला कुणीतरी विचारलं की उशी लागेल का, तर ती म्हणाली, "नको, आहे तेवढं पुरे."

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. पुण्याहून मुंबईला जायला याहून जास्त पेट्रोल लागतं. इथे ऋतू दोनच, पाऊस पडतोय आणि पाऊस पडणार आहे. डिसेंबर पहिल्यात मोडतो. दुपारी तीसएक अंश तापमान असतं आणि हवा इतकी दमट, की वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी काढताना पिळावासा वाटतो. तरी नोव्हेंबरात ऑर्चर्ड रोड या इथल्या खरेदीच्या रस्त्यावर रोषणाईचे हिमकण लटकायला लागतात. १९८४ पासून दरवर्षी हा थाट असतो. वर बर्फ, रेनडिअर, घसरगाडी. आणि खाली हाफ पँट आणि चपला घातलेले लोक गाडीवरची आइस्क्रीमची वडी पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून खात, गळणारा हात चाटत चाललेले.

थंडीचं मला कौतुक नाही. मी निफाडचा. पारा पाच-सहावर उतरला की आमच्याकडे द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, मणी तडकू नयेत म्हणून. त्याच थंडीला कंटाळून आई दर डिसेंबरात इकडे येते, येताना दोन स्वेटर आणि एक शाल घेऊन. विमानात लागतं म्हणते. विमानातून उतरल्यावरही तिला ते का लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

आधी पोशाखावरून समितीची बैठक झाली. एक ऑस्ट्रेलियन शेजारी म्हणाला, आमच्याकडे ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो, लोक समुद्रावर जातात, सांता हाफ पँटमध्येसुद्धा चालतो. मला या माणसाबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. पण समितीत फिनलंडचा एक गृहस्थ होता. त्यांच्या रोव्हानिएमी गावात सांताचं चक्क ऑफिस आहे, तेव्हा या विषयात त्याचा शब्द म्हणजे सुप्रीम कोर्ट. तो शांतपणे म्हणाला, "पूर्ण पोशाख." मग त्याने मला धीर दिला, की आम्ही ऐंशी अंशांच्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या खोलीत, तासन् तास बसतो, फक्त बोलायचं नाही. हे त्याला जमण्यासारखं होतं. एरवीही तो बोलत नाही. सांताला मात्र दर दोन मिनिटांनी "हो हो हो" करावं लागतं.

पोशाखात पॉलिस्टरचा लाल कोट, तशीच पँट, कडेला खोटी फर, नायलॉनची दाढी, टोप, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पार्टी दुपारी चारला, स्विमिंग पूलच्या कडेला, कारण फोटो तिथे चांगले येतात. खुद्द पार्टी हॉलमध्ये एसी अठरावर होता आणि आत मंडळी हौसेने आणलेले लोकरी ख्रिसमस स्वेटर घालून केक खात होती. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू एसीला इतिहासातल्या फार मोठ्या शोधांमध्ये गणायचे. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले. काचेबाहेर दाढीत गुदमरत उभं राहून मी त्या द्रष्ट्या माणसाला मनोमन नमस्कार केला.

बर्फाचं यंत्रही भाड्याने आणलं होतं. त्यातून पांढरे पुंजके उडायला लागले, पोरं किंचाळत नाचायला लागली. आईने एक पुंजका तळहातावर घेऊन वास घेतला. "अरे, हा तर धुण्याचा फेस!" ती म्हणाली, आणि मग हळूच, "चांगला साबण वाया घालवतात."

पोरांची रांग लागली. इथे टॅक्सीवाला अंकल, भाजीवाला अंकल, वॉचमन अंकल, त्यामुळे मीही "सांता अंकल". दाढीतून घाम ओघळून भेटींच्या कागदांवर टपटपत होता. वॉचमन अंकल येता-जाता "सो हॉट लाह!" म्हणून बातमी देऊन जायचे. एक चिमुरडी मांडीवर बसली, माझ्या चष्म्याकडे निरखून पाहिलं आणि कानात म्हणाली, "तू सातव्या मजल्यावरचा अंकल आहेस. मी कुणाला सांगणार नाही. मला सायकल हवी." इतका स्वच्छ व्यवहार मी आमच्या ऑफिसातसुद्धा पाहिलेला नाही.

साडेचारला आभाळ काळं झालं, वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला, आणि पूल रिकामा करेपर्यंत पाऊस कोसळला. बर्फ दोन मिनिटांत गटारात गेला. छत्र्या पोरांवर धरल्या गेल्या, भेटींवर धरल्या गेल्या, बर्फाच्या यंत्रावरही धरली गेली. सांतावर धरायचं कुणाला सुचलं नाही. पॉलिस्टरची फर किती पाणी पिते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. गमबुटात पचक पचक करत, लाल रंगाचे ओघळ मागे सोडत मी तसाच त्या अठरा अंशांच्या हॉलमध्ये शिरलो.

आणि निफाड आलं! पहाटे पाचचं, बागेतलं, शेकोटी विझल्यावरचं. दात वाजायला लागले. एसी जरा कमी करा म्हणावं, तर रिमोट ऑफिसमध्ये कुलपात, आणि किल्लीवाला सुट्टीवर. फिनिश गृहस्थ जवळ आला. सबंध पार्टीत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. "उत्तम," तो म्हणाला. "सौनानंतर आम्हीही असंच थेट बर्फात जातो."

आई मात्र घाबरली. तिने शाल काढून सांताच्या खांद्यावर टाकली, पिशवीतून व्हिक्सची डबी काढली, भर हॉलमध्ये माझी दाढी वर सरकवून कोटाची दोन बटणं उघडली आणि छातीला चोळायला लागली. "कुणी सांगितलं होतं तुला हे सोंग करायला," हे पार्श्वसंगीत होतंच. पोरं गोल करून बघत उभी राहिली. एक मुलगा थक्क होऊन म्हणाला, "ही आजी सांताची आई आहे?"

सगळे गप्प. सायकलवाली पोरगी पुढे सरसावली.

"हो," तिने ठणकावून सांगितलं. "उत्तर ध्रुवावरून आली आहे. म्हणून तर स्वेटर घातलाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि सायकलला घंटी पण पाहिजे."