ताइपेतली दारूची फॅक्टरी आणि आमची तालीम

पोरगा तैवानात सिंचूला चिपच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे तीन आठवडे राहून गेल्या रविवारी उसगावला परतलो. देवळं पाहिली, रात्रीचे बाजार पाहिले, ताइपे १०१ चा मनोरा खालूनच पाहिला (वर जायला तिकीट होतं आणि आभाळ भरलेलं होतं). ज्या जागेबद्दल आज लिहितोय ती यादीत नव्हती. पोराला शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात काम होतं. "बाबा, तुम्ही तोवर इथं फिरा, तुम्हाला आवडेल," म्हणत त्यानं मला एका जुन्या दारूच्या फॅक्टरीच्या फाटकाशी सोडलं. गोव्यातल्या माणसाला दारूच्या फॅक्टरीचं काय कौतुक? पण तासाभरानं तो न्यायला आला तेव्हा मीच म्हटलं, अजून एखादं काम असेल तर उरकून ये.

जागेचं नाव हुआशान १९१४ क्रिएटिव्ह पार्क. १९१४ हे फॅक्टरीचं जन्मसाल. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. एका खासगी कंपनीनं इथं साके, म्हणजे जपानी पद्धतीची तांदळाची दारू, काढायला सुरुवात केली. साकेला थंडी लागते, जपानात ती हिवाळ्यात करतात. ताइपेचा उन्हाळा आपल्यासारखाच, सदरा पाठीला चिकटवणारा. म्हणून इथं थंडाव्याची यंत्रं बसवली आणि बारा महिने साके काढली. आमच्या काजूवाल्याला हे सांगितलं तर तो हसेल. त्याचा सगळा खेळ शिमग्याच्या आसपास सुरू होऊन पावसाआधी संपतो: कोळंबीत (म्हणजे दगडी कुंडीत) बोंडू तुडवायचे, रस आंबवून भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, चढवायचा, आधी पहिल्या धारेचा हुर्राक, मग फेणी, पाऊस आला की भट्टी थंड. यंत्र लावून हंगामच मोडायचा, हे त्याच्या डोक्यात येणार नाही. अर्थात त्याच्यामागे कुठल्या कंपनीचं भांडवलही नाही.

१९२२ मध्ये वसाहत सरकारनं दारूचा धंदाच मक्तेदारी करून आपल्याकडे घेतला. १९४५ ला जपानी गेले, दुसरं सरकार आलं, दारू चालूच राहिली. पुढे फळांच्या दारूसाठी ही फॅक्टरी नावाजली. मग शहर वाढत वाढत फॅक्टरीच्या अंगावर आलं, जमिनीचे भाव चढले, सांडपाण्याचा प्रश्न झाला, आणि १९८७ मध्ये उत्पादन शहराबाहेर हलवलं. फाटकाला कुलूप.

नावाचीही एक गंमत आहे. तैवानचा पहिला जपानी गव्हर्नर जनरल काबायामा नावाचा होता, त्याच्यावरून या वस्तीला नाव पडलं. तीच अक्षरं चिनीत वाचली की हुआशान होतं. जपानी गेल्यावर पहिलं अक्षर बदललं, उच्चार तसाच ठेवला. आम्ही वास्कोला अजून वास्कोच म्हणतो, तेव्हा दुसऱ्यांना हसायचा अधिकार आम्हाला नाही.

पण मला तिथं खिळवून ठेवलं ते या इतिहासानं नव्हे. ते १९९७ च्या एका नाटकानं. पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

दहा वर्षं ही जागा ओसाड पडून होती. ताइपेच्या भर वस्तीत, संसदेची नवी इमारत बांधायला राखून ठेवलेली. भिंतीतून वडाची मुळं उतरलेली, छपरं गळणारी. तिथं गोल्डन बाउ नावाच्या नाटकमंडळीनं घुसून प्रयोग केला. विषय त्रॉयच्या युद्धाचा. दिग्दर्शक वांग रोंग-यू. याची आई तिकडच्या लोकनाट्यातली नटी, देवळापुढच्या मांडवात उभी राहून गाणारी. म्हणजे आपल्याकडे जत्रेला दशावतारी काला होतो त्याच जातीचं घराणं म्हणायचं. सरकारी मालमत्तेत बेकायदा घुसखोरी केली म्हणून पोलिसांनी वांगला उचललं.

आणि मग तिथले कलाकार एक झाले. चित्रकार, नाचणारे, नाटकवाले, सगळे. जागा पडून आहे, आम्हाला जागा नाही, मग गुन्हेगार कोण, असा त्यांचा सवाल होता. सरकारला ऐकावं लागलं. १९९९ पासून ती जागा रीतसर कलेसाठी उघडली आणि कलाकारांच्याच एका संस्थेनं ती चालवायला घेतली. आज पर्यटकांच्या नकाशावर जो पार्क आहे, त्याचा पाया असा कुलूप तोडून घातलेला आहे.

मी हौशी नाटकवाला. तीस वर्षं झाली. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत 'ब' गटात पडलो, उठलो, एकदा 'अ' गटात गेलो आणि फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग करताना नेमकी प्रकाशयोजना फसली. गोव्यात नाटकाला माणसं कमी नाहीत. गावोगाव जत्रेला, कालोत्सवाला मराठी नाटक होतं. दिवसा बँकेत बसणारा रात्री संभाजी होतो. प्रयोगाच्या जागाही बऱ्यापैकी आहेत, रवींद्र भवनं झाली. नाही ती तालमीची जागा. नाटक उभं राहतं ते दोन महिन्यांच्या तालमीत, आणि ते दोन महिने आम्ही कुठं असतो? देवळाच्या सभामंडपात, आरती होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून. शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून. कुणाच्या तरी अर्धवट बांधलेल्या घरात. एका वर्षी एका सरकारी सभागृहाची बाजूची खोली रात्री आठ ते अकरा मागितली. अर्ज केला. साहेब म्हणाले, तालीम हा कार्यक्रम नाही, त्यामुळे तो कुठल्या दरात बसवायचा हे कळत नाही. फाइल अजून बसतेच आहे. ते नाटक शेवटी एका गॅरेजमध्ये बसवलं. पहिल्या अंकात नायिका रडते तिथं शेजारी कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. आमची नायिका पुढे प्रयोगातही त्या जागी सवयीनं थांबायची.

म्हणून त्या वांगची गोष्ट ऐकून मला भरून आलं, हे कबूल करतो.

आता पार्क कसा आहे ते. देखणा आहे. एका ओळीत चार गोदामं एकमेकांना चिकटून उभी आहेत, लाकडी कैच्या, उंच छप्पर, प्रदर्शनाला अशी जागा शोधून मिळणार नाही. जुनं सिमेंट उगाच रंगवून झाकलेलं नाही. पोपडे, ओल, वेली तशाच. हे आपल्या ठेकेदारांना दाखवायला हवं, त्यांच्या हाती जुनी भिंत आली की पहिल्यांदा डिस्टेंपरचा डबा उघडतो. एक उंच धुरांडं आहे. हिरवळीवर म्हातारी माणसं बसलेली, पोरं पळत होती, कुणी तरी गिटार घेऊन बसला होता. फाटकावर तिकीट नाही, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. आत एक सिनेमागृह आहे, २०१२ पासून चालू आहे आणि ते होऊ श्याओ-श्येन या थोर दिग्दर्शकाच्या संस्थेनं चालवायला घेतलं. इफ्फीच्या, म्हणजे आमच्या पणजीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रांगेत उभे राहणारे हे नाव ऐकून कान टवकारतील.

पण दुकानं! २००७ मध्ये सरकारनं पार्क चालवायला खासगी कंपनीकडे दिला. डागडुजी तुम्ही करा, चालवा, मुदत संपली की परत द्या, असा तो करार. त्यानंतर कॉफी, केक, लाकडी म्युझिक बॉक्स, कार्टूनच्या प्रदर्शनांच्या रांगा. त्या प्रदर्शनांना तिकीट आहे आणि चांगलं आहे. तिथल्या कलाकारांचीही तक्रार आहे की ज्या जागेसाठी आम्ही भांडलो तिथं भाडं परवडत नाही. मला ती पटते. मी फिरलो त्या दालनांत दारू करणाऱ्या कामगाराचा एकही चेहरा दिसला नाही. सकाळी किती वाजता यायचे, वास कपड्याला किती दिवस राहायचा, काही नाही. भिंत राखली, हात विसरले. तरीही मी म्हणेन, मॉल झाला असता त्यापेक्षा शंभरपट बरं. संसद झाली असती त्यापेक्षाही बरं, कारण तिच्या हिरवळीवर मला कुणी बसू दिलं नसतं.

परत आल्यावर जो भेटतो तो फोटो बघून म्हणतो, गोव्यात असं काही तरी व्हायला पाहिजे. मला या वाक्याची थोडी भीतीच वाटते. 'काही तरी व्हायला पाहिजे' म्हटलं की आपल्याकडे सल्लागार नेमतात, कोनशिला बसते, आणि जागेला नवीन कुलूप लागतं, आधीच्यापेक्षा महाग.

जागा नाहीत असं थोडंच आहे? पणजीतली जुन्या जीएमसीची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, इमारत घ्या. १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ती वास्तू. कॉलेज बांबोळीला गेलं, इमारत मांडवीकाठी राहिली. नोव्हेंबरात इफ्फीची रोषणाई, आणि २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव. त्या दिवसांत जुन्या वॉर्डांतून फिरायला मला खरोखर आवडतं, दरवर्षी जातो. पण जानेवारीतल्या एका साध्या मंगळवारी माझ्यासारख्यानं तिथं आठ माणसं घेऊन जावं, खुर्च्या बाजूला साराव्यात आणि दुसरा अंक बसवावा, हे आपल्या कुणाच्या कल्पनेतही येत नाही. आपल्याला जुनी इमारत उत्सवाला लागते. नवी पैठणी जशी.

आणि आमच्या दाराशी आहे तो संजीवनी साखर कारखाना. धारबांदोड्याचा, सहकारी, गोव्यातला एकुलता एक. गेली काही वर्षं तिथं गाळप नाही. इथेनॉलच्या योजनेची बोलणी पेपरात येतात. कुणी म्हणेल, करा तिथं आर्ट पार्क. मी नाही म्हणणार. ऊस लावणाऱ्यांचं काय ते आधी ठरू दे. ज्याचं शेत त्या फाटकावर अवलंबून होतं त्याच्यासमोर कॉफीचं दुकान टाकणं मला तरी जमणार नाही. पण कारखाना चालो की न चालो, एक काम आजच करता येईल आणि त्याला सल्लागार लागत नाही. तिथं राबलेली माणसं अजून आहेत. त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा. ताइपेवाल्यांच्या हातून जे सुटलं ते आपण आधी पकडू. आमचं मंडळ येत्या पावसाळ्यात हे सुरू करतंय. मोबाइल आहेत, वेळ आहे, आणि तालमीला जागा नसल्यामुळे संध्याकाळी मोकळ्याच आहेत. तुमच्या घरात, वाड्यावर कुणी कारखान्यात असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा.

सुरुवात मामापासून केली. मामा कारखान्यात बॉयलरवर होता. हंगामात घरी यायचा तेव्हा अंगाला मळीचा वास, गोड आणि आंबूस. मामी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. काल त्याला ताइपेचे फोटो दाखवले. गोदामं त्यानं पटापट सरकवली. धुरांड्यापाशी थांबला. दोन बोटांनी मोठं करून बुंधा बघितला, मग बाजूचं छप्पर, मग परत बुंधा.

"आनी बॉयलर खंय?"

नाही दिसला, म्हटलं. काढून नेला असेल.

"मगे हांगा काम करपी कोण आशिल्लो, तें कशें कळटा?"

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं की नाही, ते बघायला मोबाइल त्याच्या हातातून घेतला. नव्हतं दाबलं. "परत बोल," म्हटलं. मामा म्हणाला, "आतां जेवन करूंया."