हजेरीपटातून न सुटलेली माणसे

'भामटा' हा शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारला असेन, याचा हिशेब नाही. फसवणाऱ्याला आपण भामटा म्हणतो आणि 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले' असा मथळा वर्तमानपत्रात अधूनमधून वाचतो. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे ब्रिटिश कायद्याने एके काळी जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जातींच्या, यादीत 14 नावे आहेत आणि 'भामटा' हे त्यांपैकी एका जातीचे नाव आहे, हे मला कळले तेव्हा मी चाळिशीत होतो. त्याच यादीत 'बेरड' आहे आणि त्या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ निगरगट्ट, निलाजरा असा दिलेला असतो. शब्द आधी आला की जातीचे नाव आधी आले, हा भाषेच्या अभ्यासकांचा प्रश्न आहे. माझा प्रश्न त्या मुलाचा आहे, ज्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात जो शब्द लिहिलेला असतो तोच शब्द मधल्या सुट्टीत शिवी म्हणून त्याच्या कानावर पडतो.

मी सोलापूरचा. आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे आणि लहानपणी ते मला इतर पेठांसारखेच एक नाव वाटत असे. तिथे एके काळी तारेचे कुंपण होते, आत राहणाऱ्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जायचे तर परवाना लागे, हे मला आजोबांनी सांगितले. ते गिरणीत कारकून होते. सेटलमेंटमधली माणसे गिरणीत कामाला येत आणि पाळी संपली की पुन्हा कुंपणाच्या आत जात. 'त्यांनी काय गुन्हा केला होता?' असे मी विचारले, तेव्हा आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'जन्माला आले होते.' सरकारी कागदावरही त्याहून वेगळे कारण नव्हते.

1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला, पुढे बंगालमध्ये आला आणि 1911 च्या कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर त्याचे जाळे टाकता येईल अशी सोय झाली. 1924 साली त्याला एकत्रित रूप दिले गेले. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग जामीनपात्र नसलेले गुन्हे सराईतपणे करतो असे प्रांतिक सरकारला वाटले, की ते अधिसूचना काढू शकत असे आणि त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. त्यानंतर त्या समाजातल्या प्रत्येकाची नोंदणी होई, 1911 नंतर बोटांचे ठसे घेतले जात, गाव सोडण्यावर बंधन येई आणि सरकारला वाटल्यास सगळ्यांना वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, डांबता येई. मुलांना आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही होती. 1871 च्या मूळ कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांची नोंदणी करण्यासाठी होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

या कायद्यामागचा युक्तिवाद असा, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. 1836 च्या ठगीविरोधी कायद्यात कृत्य सिद्ध झाले नाही तरी टोळीचा सदस्य असणे शिक्षेला पुरेसे मानले गेले होते. पुढच्या पिढीने टोळीच्या जागी आख्खी जात बसवली. त्या काळात युरोपात वंशशास्त्र म्हणून जे चालले होते, त्याची प्रयोगशाळा हिंदुस्थान झाला. रिस्ले नावाचा सनदी अधिकारी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावत होता, मद्रास संग्रहालयाचे प्रमुख थर्स्टन डोकी मोजत आणि पोलिसांना शरीरमापनाचे धडे देत. माणसाचे शरीर पाहून त्याचा स्वभाव ठरवता येतो, या एका खोट्या समजुतीवर आफ्रिकेतून माणसे जहाजात भरून नेणारा व्यवहार शास्त्रशुद्ध ठरवला गेला होता. तीच समजूत इकडे पोलीस खात्याच्या नोंदवहीत उतरली, म्हणून मी या विषयाला वंशद्वेषाच्या इतिहासापासून वेगळा मानत नाही.

ज्यांना गुन्हेगार ठरवले ते कोण होते, तेही पाहावे. बंजारे शतकानुशतके बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य देशभर पोहोचवत. मिठावर सरकारी मक्तेदारी आली, रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बुडाला. पारध्यांचे जगणे जंगलावर होते आणि जंगल सरकारी झाले. रामोशी गावाची आणि किल्ल्यांची राखण करीत, त्यांची वतने गेली तेव्हा उमाजी नाईकांनी बंड केले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी दिले गेले. ज्यांची उपजीविका राज्याने हिरावून घेतली, त्यांच्याच भटकण्याला त्याच राज्याने गुन्हा म्हटले.

इथवर लिहून थांबलो असतो तर दोष साहेबाचा आणि आपण निर्दोष, असा समज झाला असता आणि तो अप्रामाणिक ठरला असता. इंग्रजांना जन्मावरून माणसाचे मोल ठरवण्याची कल्पना इथे शिकवावी लागली नाही. ती गावगाड्यात तयार होती, त्यांनी तिला कायद्याचे कलम दिले. हजेरी घेण्याचे काम अनेक ठिकाणी गावच्या पाटलाकडे होते. सेटलमेंटमधल्या मजुराला काम सोडून जाण्याची मुभा नव्हती, त्याचा फायदा गिरणीमालकांना मिळत होता आणि त्या हिशेबाच्या वह्या माझ्या आजोबांसारखी माणसे लिहीत होती. हे लिहिताना मला त्यांच्याविषयी राग नाही, पण आमच्या घरातले शिक्षण त्या पगारावर झाले, हे मला दडवायचे नाही.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभर रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी या माणसांचे स्वातंत्र्य आले. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे झाले, आपल्याकडचा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा 1959 चा आहे. कागदावर त्यात जातीचा उल्लेख नसतो, व्यक्तीच्या आधीच्या शिक्षा पाहिल्या जातात. मात्र ज्या खात्याने ऐंशी वर्षे ठरावीक समाजांची नावे नोंदवहीत लिहिली, त्याच खात्याच्या हातात नवी नोंदवही दिली गेली आणि जुनी वही चुकीची होती असे त्याला कोणी सांगितले नाही. 1998 साली पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. तो ज्या खेडिया सबर समाजाचा होता, त्याच्यावरही कधीकाळी गुन्हेगार जमात हा शिक्का बसला होता. कायदा रद्द होऊन तेव्हा 45 वर्षे उलटली होती.

तुरुंगांची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 साली देशातल्या कारागृहांच्या नियमपुस्तिका वाचून काढल्या आणि तुरुंगात काम जातीवरून वाटले जाते, हे लिहून दाखवले. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल दिला. त्या निकालात उद्धृत केलेले नियम वाचताना माझा हात थरथरला. एका राज्याच्या नियमात, कैदी ज्या समाजाला हलकी कामे करण्याची सवय आहे त्या समाजाचा नसेल तर त्याला तशी कामे सांगू नयेत, या आशयाचे वाक्य होते. दुसऱ्या राज्यात रात्रीच्या पहाऱ्यावर कैद्याला नेमताना, पळून जाण्याची उपजत प्रवृत्ती असलेल्या वर्गातला माणूस नेमू नये असे होते आणि उदाहरण म्हणून भटक्या जमातींचे नाव होते. 'उपजत' हा शब्द पुन्हा वाचा, कारण तो 1871 चाच शब्द आहे. न्यायालयाने हे नियम समतेच्या, अस्पृश्यताबंदीच्या आणि सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या अनुच्छेदांचा भंग करणारे ठरवले, तीन महिन्यांत नियमपुस्तिका सुधारण्याचे आदेश दिले आणि कारागृहातल्या नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढायला सांगितले. विमुक्त समाजातल्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, हेही पोलिसांना बजावले. संविधान लागू झाल्याला तेव्हा जवळजवळ 75 वर्षे झाली होती आणि मधल्या काळात ही पुस्तके दर पिढीतल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर होती. त्यांतले बहुतेक अधिकारी व्यक्तिशः दुष्ट नव्हते, असे मला मनापासून वाटते. त्यांनी फक्त छापलेला नियम पाळला, आणि संस्थेतला अन्याय बहुधा असाच टिकतो.

माझ्या वर्गात एक पारधी मुलगा होता. शाळेतून पितळी घंटा चोरीला गेली तेव्हा त्याच संध्याकाळी त्याच्या वस्तीवर पोलीस गेले आणि त्याच्या वडिलांना दोन दिवस चौकीत बसवून ठेवले. पुढे घंटा शाळेच्याच अडगळीच्या खोलीत सापडली. कोणी माफी मागितली नाही, आम्हीही नाही. तो मुलगा नंतर शाळेत आला नाही आणि आम्ही तीस मुलांनी त्याचे रिकामे बाक महिनाभर पाहिले. मी हे पहिल्यांदाच लिहितो आहे आणि इतका उशीर केल्याची मला लाज वाटते.

परदेशातल्या काही संस्थांनी आपली जुनी चूक कबूल करण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतले आहे. ग्लासगो विद्यापीठाने 2018 साली स्वतःचे जुने हिशेब तपासून गुलामांच्या श्रमातून आलेल्या पैशाचा आपल्याला लाभ झाला, हे अहवालात मान्य केले आणि पुढच्या वर्षी वेस्ट इंडीज विद्यापीठाशी करार करून 20 वर्षांत 2 कोटी पौंड खर्च करण्याचे ठरवले. ही रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद होऊ शकतो. मला त्यातले पहिले पाऊल महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे संस्थेने न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता स्वतःचे दप्तर स्वतः उघडणे. आपल्या पोलीस खात्याने, कारागृह विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने तेच करावे, एवढे माझे म्हणणे आहे. पोलीस प्रशिक्षणात 1871 चा कायदा शिकवला जावा, तोही खात्याच्या चुकीचा इतिहास म्हणून. सराईत गुन्हेगारांच्या याद्या समाजानुसार तपासून पाहाव्यात आणि जिथे आधार सापडत नाही तिथली नावे काढावीत.

आणि दप्तर उघडण्याचे एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. नियमांत काही सवलती आहेत, तरी तहसील कार्यालयाच्या दारात हा प्रश्न आजही पुन्हा पुन्हा विचारला जातो. ज्यांना गावाने राहू दिले नाही आणि ज्यांच्या पालांची जागा दर हंगामाला बदलली, त्यांच्याकडे 1961 चा सातबारा कुठून असणार? मात्र कायदा असेपर्यंत सरकारने या माणसांची नावे, वडिलांची नावे, जात, वस्ती आणि बोटांचे ठसे काटेकोरपणे लिहून ठेवले होते. सोलापूरच्या आणि इतर सेटलमेंटच्या हजेरीपटांपैकी जे अजून उरले असतील, ते अभिलेखागारातून बाहेर काढावेत, ज्या कुटुंबांना हवे आहेत त्यांना त्यांच्या पूर्वजांच्या नोंदीची प्रमाणित प्रत विनामूल्य द्यावी, ती वास्तव्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी आणि प्रत देताना सोबत शासनाच्या सहीचे दिलगिरीचे एक पत्र असावे.