सोळातले चार कुणी खाल्ले?

तुळशीचे लग्न उरकले की निपाणीपासून खानापुरापर्यंतची मंगल कार्यालये गजबजतात आणि त्यांतल्या बऱ्याच लग्नांचा भार अखेरीस बेळगावात, शहापुरातल्या आमच्या स्टुडिओच्या एका डिस्क ॲरेवर, म्हणजे एकत्र जोडून एकच भासणाऱ्या डिस्कांच्या संचावर, येऊन पडतो. स्टुडिओचे मालक अण्णा यांनी प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क हौसेने घेतल्या होत्या. रेड ५ नावाच्या पद्धतीने त्या जोडल्यावर संगणक १२ टीबीच जागा दाखवू लागला, तेव्हापासून 'सोळातले चार कुणी खाल्ले?' हा प्रश्न ते मला गिऱ्हाइकांसमोर विचारत आले आहेत. एक डिस्क मेली तरी लग्ने वाचावीत म्हणून तेवढी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला भाग पुन्हा काढून देणाऱ्या बेरजेला, द्यावी लागते, हे त्यांना पटते. दुःख मात्र कमी होत नाही.

खरा छळ वेगाचा आहे. तासाभराचा व्हिडिओ ॲरेवर सरसर उतरतो, परंतु हळदीच्या फोटोंचे फोल्डर उघडून थंबनेल, म्हणजे फोटोंच्या चिमुकल्या प्रती, तयार होऊ लागले की पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि अण्णा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात.

"काय गा, अजून गोल फिरायलंय काय ते?"

"फिरायलंय, अण्णा."

"मग चार-चार डिस्क कशाला घेतल्या म्हणे?"

अण्णा एका पतसंस्थेचे संचालक असल्यामुळे मी त्यांना खातेवहीच्या भाषेत समजावले. वहीतला एक आकडा बदलायचा तर जुना आकडा पाहावा लागतो, जुनी बेरीज पाहावी लागते, मग नवा आकडा आणि नवी बेरीज लिहावी लागते. रेड ५ मध्येही प्रत्येक लहानशा लेखनामागे दोन वाचने आणि दोन लेखने होतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस ८.३ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारे-लिहिणारे हेड जागेवर न्यायला वेळ जातो तो वेगळाच. त्यामुळे अशा कामात चौघी मिळून जेमतेम एकीएवढा वेग देतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे आमच्या संचालक मंडळासारखंच झालं की!" यावर नोकरमाणसाने काय बोलावे?

मग बेंगलोरच्या भाच्याचा फोन आला. त्याच्या सांगण्यावरून नोॲटाइम हा पर्याय लावला, जेणेकरून फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहिली जाऊ नये; परंतु २००९ पासून लिनक्स ही संगणकप्रणाली स्वतःहूनच ही वेळ क्वचित लिहिते, त्यामुळे फरक दिसला तो फक्त भाच्याला. चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) ६४ केबीचा आणि ब्लॉक (फाइलींच्या मांडणीतला लहानात लहान तुकडा) ४ केबीचा, म्हणून स्ट्राइड (एका चंकातले ब्लॉक) १६ आणि तीन डेटा डिस्कांची मिळून स्ट्राइप-विड्थ ४८ ब्लॉक, हा हिशेब मात्र मोलाचा निघाला. तिन्हींवरचे चंक मिळून पूर्ण १९२ केबीची स्ट्राइप एकदम लिहिली गेली तर जुने काहीच वाचावे लागत नाही, आणि व्हिडिओ उतरवताना तो लाभ खरोखर मिळाला. थंबनेलसाठी १९२ केबी कुठून आणणार?

उरला डिस्का चालवणाऱ्या कंट्रोलरचा राइट-बॅक कॅशे, म्हणजे डिस्कवर उतरण्याआधीच 'लिहिले' म्हणून मोकळी होणारी तात्पुरती स्मृती. तो चालू करताच सगळे पळू लागले आणि अण्णांनी चहा मागवला. पण कंट्रोलरला बॅटरी नव्हती, वळवाच्या पावसात वीज गेली तर कॅशेतले न उतरलेले सगळे जाणार, हे मी सांगताच ते म्हणाले, "इन्व्हर्टर हाय की." तो इन्व्हर्टर बदली घेताना संगणक एकदा डोळा मिटतो, हे दाखवण्यासाठी मी त्यांच्यासमोर मेन स्विच बंद केला. चहा येण्याआधीच कॅशे बंद करण्याची आज्ञा झाली.

शेवटी थंबनेल आणि फोटोंचा कॅटलॉग वेगळ्या एसएसडीवर, म्हणजे चिपांवर लिहिणाऱ्या डिस्कवर, हलवायचे ठरले. तिच्यात फिरणारे काहीच नसल्यामुळे लहान-लहान लेखनांचे तिला फारसे वाटत नाही. दुकानात अण्णांनी १ टीबीची एसएसडी तळहातावर तोलून पाहिली आणि एवढ्याशा वजनाची किंमत ऐकून ते मराठीवरून थेट कानडीवर आले: "स्वल्प कडिमी माड्री!" (थोडे कमी करा!) भाव उतरल्यावर मी हळूच सांगितले की मिररसाठी, म्हणजे तेच दोन्हींवर लिहून ठेवण्यासाठी, अशा दोन लागतील आणि जागा मात्र एकीचीच मिळेल. अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग दुकानदाराकडे वळून पुन्हा कानडीत, अत्यंत गंभीरपणे विचारले, की वापरायची एकच असेल तर दुसरीचे पैसे कशासाठी घेता?