सीगल आत आले म्हणजे वादळ येणारच, असे नाही

‘सीगल किनारा सोडून शेतांवर उतरले की दोन दिवसांत चक्रीवादळ येते, निसर्ग वादळाआधीही ते असेच आत आले होते, कारण पक्ष्यांना हवेचा दाब आधीच कळतो’ असा मजकूर किनाऱ्यावरच्या गावांत मोबाइलवर फिरत आहे. भरवसा ठेवावा असे त्यात फार थोडे आहे.

आधी निसर्ग वादळाचे पाहू. ते ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आपल्याकडचे सीगल, म्हणजे कुरव, हे हिवाळी पाहुणे असून एप्रिलअखेर बहुतेक परतलेले असतात, आणि तपकिरी डोक्याचा कुरव तर जूनमध्ये लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करत असतो. त्या दिवसांत कोणी पांढरे पक्षी पाहिले असतील, तर ते सुरय (टर्न), म्हणजे कुरवासारखेच दिसणारे पाणपक्षी, असण्याची शक्यता अधिक आहे.

आत येण्याचे मुख्य कारण पोट आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा कुरव तिथे चरतात आणि भरतीने तो बुडाला की खाजणात किंवा भातखाचरांत जाऊन बसतात. सह्याद्रीपलीकडे, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत असलेल्या उजनी जलाशयावर ते दर हिवाळ्यात निरभ्र आकाशाखाली दिसतात. वाऱ्याचाही यात वाटा आहे: दुपारचे खारे वारे सड्याच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकाळ पठाराच्या, कड्यावर आदळून वर चढतात, त्या चढत्या हवेवर कुरव पंख न हलवता तरंगतात आणि सहज आत येतात. वारा फार वाढला, तर वाऱ्याकडे तोंड करून वाळूवर बसतात, म्हणजे पिसे विस्कटत नाहीत.

दाबाचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. दाब घसरला की काही पक्षी अधिक खातात, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोजच दोनदा चढतो-उतरतो, तोही दोन-चार मिलिबारने, आणि दोन दिवस दूर असलेल्या वादळामुळे किनाऱ्यावर होणारी घट बहुधा या रोजच्या चढउतारातच हरवते. बंदरात धोक्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागतो, तो हवामान खात्याच्या निरीक्षणांच्या आणि अंदाजांच्या आधारे.

वाऱ्याने खरोखर लोटले जातात ते खोल समुद्रातले मास्क्ड बूबी आणि फ्रिगेट हे पक्षी. पावसाळ्यात ते थकून किनाऱ्यावर पडलेले सापडतात, पण ती वाहून गेलेल्या वाऱ्याची खूण असते, येणाऱ्या वादळाची नव्हे. असा पक्षी आढळल्यास त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये. खोक्यात सावलीत ठेवून वनविभागाला कळवावे.