घड्याळ बघून सक्शन करू नका

ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र. त्यात बसवलेल्या नळीतला कफ कॅथेटर ही बारीक नळी आत घालून यंत्राने ओढून काढतात, तेच सक्शन. अशा रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यांकडे एक संदेश फिरत फिरत येतोच : ‘दर दोन तासांनी सक्शन करा, आधी सलाईन सोडा, कॅथेटर जाईल तितका आत घाला, ऑक्सिजन फुल्ल ठेवा, दूध बंद करा.’ पाठवणाऱ्याची कळकळ खरी असेल, सल्ला मात्र जवळपास सगळाच चुकीचा आहे.

दर दोन तासांनी कशासाठी? कॅथेटर कफासोबत फुफ्फुसातली हवाही ओढतो. ऑक्सिजन उतरतो, श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं, कधी नाडी एकदम मंदावते. घरघर ऐकू आली, नळीत कफ दिसला, ऑक्सिमीटरचा आकडा घसरला, रुग्ण कासावीस झाला, की सक्शन करायचं. तो स्वतः खोकून कफ नळीच्या तोंडाशी आणत असेल, तर तेवढा पुसून घेतला तरी भागतं. नळी मोकळी आहे ना, हे मात्र अधूनमधून बघायलाच हवं. आणि ‘अजून दोन तास कुठे झालेत’ म्हणून घुरघुरणाऱ्या माणसाला थांबवून ठेवणं तर फारच वाईट. तेही या संदेशामुळेच होतं.

नळीत सलाईन (मिठाचं निर्जंतुक पाणी) सोडल्याने कफ पातळ होतो, हे पटण्यासारखं वाटतं. पण घट्ट कफात ते नीट मिसळत नाही, सोडलेलं सगळं परत ओढलं जात नाही, खोकल्याची उबळ मात्र येते. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरने २०१० मध्येच सांगितलंय, की दर वेळी सलाईन सोडू नका. कफ घट्ट होतो, कारण नळीमुळे हवा नाकातून जात नाही आणि कोरडीच आत शिरते. त्यावर उपाय म्हणजे ह्युमिडिफायर किंवा नळीवर बसणारा ओलावा धरणारा फिल्टर, आणि शरीरात पुरेसं पाणी.

‘जाईल तितका आत’ हे सगळ्यात धोक्याचं. किती आत घालायचा, ते सिस्टरकडून मोजून घ्या. कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून कमी हवी. ओढ फक्त बाहेर काढताना द्यायची, आणि एका वेळी १५ सेकंदांच्या आत आटपायचं.

ऑक्सिजन डॉक्टरांनी लिहून दिला तेवढाच. सीओपीडीच्या (फुफ्फुसाचा एक जुनाट आजार) रुग्णात ऑक्सिमीटरवर सहसा ८८ ते ९२ टक्के पुरतात. त्याहून चढवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

दुधाने कफ वाढतो याला पुरावा नाही.

जे खरोखर सांगायला हवं, ते या संदेशात नाहीच : कॅथेटर पुढे सरकतच नसेल, तर जोर लावू नका. नळी तुंबलेली असू शकते. आतली नळी वेगळी निघणारी असेल तर ती लगेच काढा. तरीही श्वास अडत असेल तर रुग्णवाहिका बोलवा.